नस उघडली, तरी पंपिंग का पडलं?
आरोग्य : प्रश्न वाचकांचे, उत्तरं हृदयरोगतज्ज्ञांची

या वेळच्या पत्रांत दोन शब्द पुन्हा पुन्हा येतात: ‘पंपिंग’ (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) आणि ‘कॅल्शियम’. त्यांचं एकमेकांशी नातं आहे, पण बहुतेकांना वाटतं तसं नाही. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या अण्णांना (वय ५८) पहाटे छातीत दुखायला लागलं. साडेतीन तासांच्या आत सांगलीत समोरच्या मोठ्या नसेत स्टेंट बसला. ‘नस पूर्ण उघडली’ असं सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी टू-डी इकोत पंपिंग ३५ टक्के आलं. एक डॉक्टर म्हणाले, ‘स्टनिंग असेल, दीड महिन्याने परत बघू.’ हे खरं, की आम्हाला धीर द्यायला म्हणाले?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : खरं आहे. घेरी येऊन पडलेला माणूस जिवंत असतो, पण तोंडावर पाणी मारल्यावर लगेच उठून औत धरत नाही. हृदयाच्या स्नायूचंही तसंच होतं. रक्त बंद असताना काही भाग मरतो आणि तो परत येत नाही. त्याच्या आजूबाजूचा बराच भाग मात्र जिवंत राहूनही सुन्न पडतो. इकोच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही हलत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवसाच्या इकोवरून कायमचं नुकसान किती झालं हे ठरवता येत नाही.

हे १९७५ साली कुत्र्यांवरच्या प्रयोगात नीट दिसलं. नस फक्त १५ मिनिटं दाबून ठेवली आणि सोडली. इतक्या वेळात स्नायू मरत नाही, तरी तो भाग पूर्वीसारखा आकुंचन पावायला सहा तासांपेक्षा जास्त लागले. १९८२ साली ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी या अवस्थेला ‘स्टन्ड मायोकार्डियम’, म्हणजे सुन्न पडलेला हृदयस्नायू, म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. माणसात नस १५ मिनिटं नाही, तासन्‌तास बंद असते, त्यामुळे सावरायला काही दिवसांपासून काही आठवडे जातात.

आता रिपोर्ट हातात घ्या. त्यात ‘हायपोकायनेटिक’ असेल तर भिंत कमी हलते, ‘ॲकायनेटिक’ म्हणजे हलतच नाही. पण हा शब्द एकटा पुरेसा नाही. पुढच्या इकोत त्या भागातल्या भिंतीची जाडी बघायला सांगा. हृदय सैल असताना ती ६ मिलिमीटरपेक्षा कमी आणि पांढरट चमकदार दिसत असेल, तर तो बहुधा व्रण आहे. जाडी शाबूत असेल तर आशा ठेवायला जागा आहे. शंका राहिलीच तर डोब्युटामिन हे हृदयाचा जोर वाढवणारं औषध अगदी कमी मात्रेत, म्हणजे किलोमागे मिनिटाला ५ ते १० मायक्रोग्रॅम देऊन इको करतात. सुन्न भाग त्या चाबकाने हलतो, मेलेला हलत नाही.

आकड्यांच्या मागे फार लागू नका. ३५ चे ३८ झाले म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि ३२ झाले म्हणून खचायचं नाही, कारण मोजणाऱ्याचा हात आणि मशीन बदललं तरी पाच-सात टक्के इकडेतिकडे होतात. दीड महिन्यांनी ३५ चे ४५ आले, तर तो खरा फरक. छातीत बसवायच्या शॉक देणाऱ्या यंत्राचा निर्णयही याच कारणाने लगेच घेत नाहीत. ॲटॅकनंतर किमान ४० दिवस, आणि स्टेंट किंवा बायपास झाला असेल तर साधारण ९० दिवस थांबून, औषधं पूर्ण मात्रेत चालू असताना पंपिंग ३५ किंवा त्याखाली राहिलं, तर तो विचार होतो. पाचव्या दिवशी कुणी मशीन बसवायला सांगत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाला विचारून घ्या. काही वेगळी कारणं असू शकतात, पण ती विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

दरम्यान धोका आहे तो भिंत न हलण्याचा. जिथे रक्त घुटमळतं तिथे गाठ धरते, आणि ती सुटून मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो. समोरच्या नसेच्या मोठ्या ॲटॅकनंतर डाव्या कप्प्याच्या टोकाला गाठ आहे का हे इकोत मुद्दाम बघतात. असेल तर रक्त पातळ करणारी जास्तीची गोळी तीन ते सहा महिने द्यावी लागते. अण्णांचं वजन रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी करा. तीन दिवसांत २ किलो वाढलं, तर पाणी साठतंय. डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि पंपिंग ५० झालं म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. पंपिंग त्या गोळ्यांच्या आधारानेच वर येत असतं.

प्रश्न : मी अकरावीला जीवशास्त्र शिकवते. पाठ्यपुस्तकात आहे की पेशीत कॅल्शियम आलं की स्नायू आकुंचन पावतो. रक्त परत सुरू झाल्यावर पेशीत कॅल्शियम फार वाढतं, असं वाचलं. मग हृदय जास्त जोरात चालायला हवं. ते दुबळं का पडतं?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तर थोडं लांबणार.

सुरुवात पाण्यापासून करू. आपल्याकडे बोअरच्या पाण्याच्या बादलीला पांढरा थर बसतो, त्यात मुख्यतः कॅल्शियम असतं. १८८०च्या दशकात लंडनला सिडनी रिंगर हे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात चालवून बघत होते. मदतनिसाने नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात हृदय छान चालायचं, शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात केलेल्या द्रावणात थांबायचं. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता. १८८३ साली रिंगर यांनी ते लिहून ठेवलं.

आता पेशीत शिरू. पेशीबाहेर मोकळं कॅल्शियम लिटरमागे सुमारे १.२ मिलिमोल असतं. हृदय सैल असताना पेशीच्या आत ते त्याच्या दहा हजारांश असतं. ठोका पडताना दार क्षणभर उघडतं, थोडं कॅल्शियम आत येतं, आणि त्या चाहुलीने पेशीतल्या जाळीदार कोठारातून बरंच जास्त कॅल्शियम सुटतं. आतली पातळी साधारण दहापट होते. ते ट्रोपोनिन-सी या प्रथिनाला चिकटतं, अडसर बाजूला होतो, तंतू एकमेकांवर सरकतात. लगेच पंप ते कॅल्शियम पुन्हा कोठारात भरतात आणि उरलेलं बाहेर टाकतात. बाहेर टाकायचं मुख्य दार अदलाबदलीचं आहे: तीन सोडियम आत घ्यायचे, एक कॅल्शियम बाहेर द्यायचं. हे दार लक्षात ठेवा, पुढचा घोळ इथेच होतो.

नस बंद झाली की मिनिटाच्या आत तो भाग आकुंचन पावेनासा होतो. टेनंट आणि विगर्स यांनी १९३५ मध्येच ते दाखवलं. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तोवर संपलेलं नसतं. ते निम्म्यावर यायला साधारण दहा मिनिटं लागतात. आधी आड येतात फॉस्फेट आणि आम्ल. दोन्हींमुळे तंतू कॅल्शियमला नीट दाद देत नाहीत. ऑक्सिजनशिवाय साखर जाळल्याने आत आम्ल साठत जातं. ते बाहेर काढायला पेशी हायड्रोजन देऊन सोडियम घेते. सोडियम बाहेर फेकणाऱ्या पंपाला एटीपी लागतं, तेच कमी पडतंय. म्हणजे सोडियम आत तुंबतं.

मग नस उघडते. आपल्या शेतातली थ्री-फेज डोळ्यांसमोर आणा. लाइट नसताना सगळ्या मोटारींचे स्टार्टर ‘ऑटो’वर असतात. लाइट आली की शंभर मोटारी एकाच क्षणी करंट ओढतात आणि डीपी उडते. लाइट जाण्याने नुकसान होतं, लाइट येण्यानेही होतं. इथे ताजं रक्त बाहेरचं आम्ल धुऊन नेतं. आतलं आम्ल मात्र तसंच असतं. त्या फरकामुळे हायड्रोजन भराभर बाहेर आणि सोडियम भराभर आत येतं. सोडियम इतकं झालं की अदलाबदलीचं दार उलटं फिरतं: सोडियम बाहेर, कॅल्शियम आत. त्यातच ऑक्सिजन परत आल्याने एटीपी तयार व्हायला लागतं, कोठार कॅल्शियम गिळतं, ओकतं, परत गिळतं. कॅथलॅबमध्ये (ॲंजिओप्लास्टीच्या खोलीत) नसेतला फुगा सोडल्यावर मॉनिटरवर काही मिनिटं रुंद, संथ, मिनिटाला साठ ते शंभरच्या आसपास ठोके दिसतात. त्या उलथापालथीचीच ती खूण, आणि बहुतेक वेळा तिला हात लावायची गरज नसते.

आता तुमचा मूळ प्रश्न. पेशी जगली, तर हा लोंढा थोड्या वेळात ओसरतो. सुन्न स्नायूत पुढे कॅल्शियमची चढउतार मोजली, तर ती जवळपास नेहमीसारखीच सापडते. जोर मात्र कमी. म्हणजे कॅल्शियम आहे, पण तंतू त्याला ऐकत नाहीत. का? लोंढ्याच्या वेळी कॅल्पेन नावाचं, कॅल्शियमवरच जागं होणारं, प्रथिनं कातरणारं विकर कामाला लागतं. उंदरांच्या आणि घुशींच्या हृदयात ते ट्रोपोनिन-आयचं, म्हणजे ट्रोपोनिन-सीच्या जोडीदार प्रथिनाचं, शेपूट कापतं. २००० साली असं शेपूट कापलेलं ट्रोपोनिन जन्मतःच असलेले उंदीर तयार केले, तर रक्त एकदाही न अडता त्यांचं हृदय सुन्न स्नायूसारखं वागलं. डुकरांच्या सुन्न हृदयात मात्र हा कातरलेला तुकडा सापडला नाही. त्यामुळे मोठ्या प्राण्यांत वाटा कुणाचा किती, यावर वाद आहे. ऑक्सिजनच्या मोकाट रेणूंनी तंतूंना केलेली इजाही यात येते, आणि आमच्या मते ती कॅल्शियमची स्पर्धक नाही, जोडीदार आहे: रेणू दारं आणि पंप बिघडवतात, त्याने कॅल्शियम वाढतं. दिवस का लागतात, याचं उत्तर इथेच आहे. मोडलेलं प्रथिन दुरुस्त होत नाही, नवीन बनवून जुन्याच्या जागी बसवावं लागतं.

लोंढा फारच मोठा असेल तर गोष्ट सुन्नपणावर थांबत नाही. मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, कॅल्शियम ठासून भरतं, त्याच्या पापुद्र्याला भगदाड पडतं, आणि पेशी घट्ट आवळून मरते. गंमत अशी की आम्ल असताना हे भगदाड बंद राहतं. आम्ल धुतलं गेलं की उघडतं.

मुलांना सांगायला एक जोडगोष्ट. १९६६ साली हॉलंडमध्ये उंदराच्या हृदयातून काही मिनिटं कॅल्शियम नसलेलं द्रावण सोडलं आणि मग कॅल्शियम परत दिलं. हृदय सावरण्याऐवजी मेलं. बायपासमध्ये हृदय थांबवायच्या द्रावणात कॅल्शियम अगदी शून्य ठेवत नाहीत, त्यामागे हाही धडा आहे.

प्रश्न : मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. बायपासनंतर हृदय ढिलं चालत असेल तर कॅल्शियम ग्लुकोनेट का देत नाही? लेव्होसिमेंडानला ‘कॅल्शियमचं औषध’ म्हणतात ते का?
— एक परिचारिका, मिरज

उत्तर : वर सांगितलं तेच कारण. सुन्न पेशीत कॅल्शियमचा तुटवडा नसतो. हार्ट-लंग मशीनवरून हृदय नुकतं उतरलेलं असताना जास्तीचं कॅल्शियम म्हणजे त्याच दारातून आणखी लोंढा. म्हणून रक्तातलं आयनाइज्ड (मोकळं) कॅल्शियम मोजून, ते १.१ मिलिमोलच्या खाली असेल तर भरून काढायचं. रक्ताच्या बऱ्याच बाटल्या चढल्या की, रक्त गोठू नये म्हणून त्यात घातलेल्या सायट्रेटमुळे ते हमखास उतरतं. १० टक्के ग्लुकोनेटच्या १० मिलिलिटरमध्ये शुद्ध कॅल्शियम फक्त ९३ मिलिग्रॅम, क्लोराइडच्या तेवढ्याच ॲम्प्युलमध्ये २७३. दोन्ही ‘एक ॲम्प्युल’ म्हणून सारखे धरले की मात्रा तिपटीने चुकते. क्लोराइड शक्यतो मोठ्या शिरेतून, कारण हाताच्या शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. सोडाबायकार्बच्या लाइनमधून तर कधीच नाही, नळीत पांढरा खडू तयार होतो. पोटॅशियम वाढून ईसीजी बिघडलेला असेल, तर मात्र ग्लुकोनेट पाच-दहा मिनिटांत देणं जीव वाचवतं. तो वेगळा प्रसंग. हृदय बंद पडल्यावर सरसकट कॅल्शियम देऊ नये, हे डेन्मार्कमधल्या २०२१ च्या चाचणीने आणखी पक्कं केलं. तिथे कॅल्शियम दिलेल्या रुग्णांची स्थिती वाईट दिसू लागल्याने चाचणी आधीच थांबवावी लागली.

लेव्होसिमेंडान कॅल्शियम वाढवत नाही. ट्रोपोनिन-सीला चिकटून, आहे त्याच कॅल्शियमला तंतूंनी जास्त दाद द्यावी अशी सोय करतं. किलोमागे मिनिटाला ०.०५ ते ०.२ मायक्रोग्रॅम, चोवीस तास. ते शिरा सैलही करतं, म्हणून बीपी पडतं. ड्रिप बंद केल्यावरही त्याच्या शरीरात तयार झालेल्या घटकाचा परिणाम आठवडाभर टिकतो, हे पुढच्या पाळीला ओव्हर देताना नक्की सांगा. पोटॅशियम आणि ठोक्याच्या लयीवर लक्ष. कागदावर हे औषध सुन्न हृदयाला इतकं चपखल बसतं की मोह होतो, पण बायपासच्या रुग्णांत २०१७ साली आलेल्या मोठ्या चाचण्यांत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत.

प्रश्न : यजमानांना ॲटॅक येऊन गेला. ते गुडघ्यांसाठी कॅल्शियमची गोळी घेतात. ‘कॅल्शियमने हृदय बिघडतं’ म्हणून ती बंद केली. दूधही बंद करू का? शेजारच्या वहिनी म्हणतात, ॲम्लोडिपिन ही कॅल्शियम अडवणारी गोळी आहे, तीच सुरू करा.
— एक वाचक, वाई

उत्तर : दूध चालू ठेवा. पेशीत शिरणारं कॅल्शियम वाटीभर दह्यावर ठरत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर १०० मिलिलिटरमागे ८.५ ते १०.५ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात घट्ट धरून ठेवतं, मग तुम्ही दूध प्या किंवा नका पिऊ. बिघाड दारांचा आहे. गोळीबद्दल: जेवणातून कॅल्शियम पुरेसं मिळत असेल आणि हाडं ठिसूळ नसतील, तर नुसत्या गुडघेदुखीसाठी तिचा फारसा उपयोग नाही. हृदयाला तिचा धोका आहे की नाही यावर अभ्यासांचं एकमत नाही. हाडांसाठी डॉक्टरांनी मुद्दाम दिली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका. ‘कॅल्शियम स्कोअर’ हा नसेच्या भिंतीतल्या साठ्याचा आकडा आहे, त्याचा या सगळ्याशी थेट संबंध नाही.

ॲम्लोडिपिन बीपीसाठी चांगली गोळी आहे, पण सुन्न स्नायूला शुद्धीवर आणायला तिचा उपयोग नाही. लोंढा पहिल्या काही मिनिटांतला असतो आणि तो मुख्यतः ही गोळी अडवते त्या दारातून नाही, वर सांगितलेल्या अदलाबदलीच्या दारातून येतो. पंपिंग कमी असेल तर त्याच घराण्यातल्या डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल या गोळ्या टाळतात, कारण त्या हृदयाचा जोर आणखी घटवतात. वहिनींना दोन्हींतला फरक सांगा.

प्रश्न : आम्ही जत तालुक्यातल्या वाडीवर राहतो. मिरज गाठायला दोन तास. इतक्या वेळात स्नायू मरत असेल तर काय उपयोग?
— एक शेतकरी, जत

उत्तर : उपयोग मोठा आहे. स्नायू एकदम मरत नाही, आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे मरत येतो. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत ४० मिनिटांत आतला थर गेला, संपूर्ण जाडी जायला सुमारे सहा तास लागले. माणसात आजूबाजूच्या बारीक नसांचा आधार असेल तर आणखी वेळ मिळतो. म्हणून बारा तासांच्या आत आलेल्या रुग्णाची नस उघडतातच, आणि जितकी लवकर उघडेल तितका स्नायू मरण्याऐवजी नुसता सुन्न पडतो.

छाती दाबल्यासारखी वाटतेय, घाम फुटलाय, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जातंय आणि दहा-पंधरा मिनिटांत थांबत नाही, तर सोडा-लिंबू करत बसू नका. १०८ ला फोन करा. ॲलर्जी नसेल, रक्ताची उलटी किंवा काळी शी होत नसेल, तर साधी ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅम चावून खायची, गिळायची नाही, कारण चावल्याने काम लवकर सुरू होतं. मोटारसायकलवर मधे बसवून आणू नका. वाटेत हृदय थरथरून बंद पडलं, तर शॉकची सोय रुग्णवाहिकेत असते.

सरळ मिरज न धरता, आधी वाटेवरच्या ईसीजीची सोय असलेल्या रुग्णालयात जा. पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत ॲंजिओप्लास्टी होण्यासारखी असेल तर पुढे न्यायचं. नसेल तर तिथेच गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन घ्यायचं, टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज, अर्ध्या तासाच्या आत. ‘मोठ्या दवाखान्यातच घेऊ’ म्हणून ते नाकारू नका. दीड तासाच्या आत ईसीजीची उचललेली रेषा निम्म्याहून जास्त खाली आली नाही, तर नस उघडलेली नाही असं धरून ताबडतोब हलवायचं. खाली आली तरी पुढच्या चोवीस तासांत ॲंजिओग्राफी करून घ्यायची. शेजाऱ्याने दिलेली सॉर्बिट्रेट (नसा सैल करणारी गोळी) मात्र बीपी बघितल्याशिवाय जिभेखाली ठेवू नका. उजव्या बाजूचा ॲटॅक असेल, किंवा आदल्या दिवशी सिल्डेनाफिलची (व्हायग्रा) गोळी घेतलेली असेल, तर बीपी एकदम खाली कोसळतं.